एकदम तोडू नकोस गं

उद्यापासून गोळ्या बंद, असं तू फोनवर ठणकावून सांगितलंस आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी धास्तीच बसली. अगं चिमे, वर्षानुवर्षं रोज रात्री घबराटीवरची ही अल्प्राझोलाम घेतल्यावर ती एका झटक्यात बंद करायची नसते. मेंदू तिच्या भरवशावर शांत राहायला शिकलेला असतो. ती अचानक काढून घेतली की हात थरथरतात, छाती धडधडते, घाम फुटतो, रात्ररात्र डोळ्याला डोळा लागत नाही. काहींना तर फिट येते, जिवावर बेततं.

मागे गोळ्या संपल्या तेव्हा दोन दिवसांत तुला घर खायला उठलं होतं. त्यावरून तू ठरवून टाकलंस की आपला आजार काही जात नाही. पण त्यातलं बरंचसं गोळी उतरल्याचं असू शकतं, हे तुला कुणी सांगितलंच नाही. अल्प्राझोलाम अंगातून लवकर उतरते. त्याच जातीची डायझेपाम बराच काळ रेंगाळते, म्हणून काही डॉक्टर रुग्णाला आधी तिच्यावर आणतात आणि मग तीच थोडी थोडी कमी करतात. इंग्लंडात न्यूकॅसलला हेदर ॲश्टन नावाच्या डॉक्टरबाईंनी १९८२पासून बारा वर्षं खास अशा गोळ्या सोडू पाहणाऱ्या रुग्णांसाठीच ओपीडी चालवली. म्हणजे या फेऱ्यात अडकलेली तू काही जगावेगळी नाहीस.

लाज कसली वाटते गं? नवऱ्याची नाइट शिफ्ट, रसमड्याच्या त्या स्पंज आयर्नच्या कारखान्यांजवळ रात्रभर तू एकटी. डॉक्टरांनी चार दिवसांपुरती दिली, पुढची वर्षं मेडिकलवाल्यानं ओळखीवर चालवली. वास्तविक हे औषध शेड्यूल एच-वनमधलं. चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, वेगळ्या रजिस्टरात पेशंटचं नाव लिहायचं, असा नियम आहे. तुझं नाव कुठल्या रजिस्टरात आहे, ते देवच जाणे!

आता मनोविकारतज्ज्ञांकडेच जायचं. दुर्ग तुला पुढचंच स्टेशन. तिथल्या जिल्हा रुग्णालयात आधी विचारू, नाहीतर लोकलनं रायपूरचं एम्स गाठू. सासूबाईंना कळेल म्हणून घाबरतेस, पण २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तुझी माहिती गुप्त ठेवणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. नवऱ्याला मात्र तूच सांग. त्याला कळलेलं असतं, फक्त विषय काढवत नाही, असं मला वाटतं.

डॉक्टरांपुढे सगळ्या स्ट्रिप्स ठेव. जास्तीची अर्धी गोळी कधी घेतेस तेही सांग, खोकल्याचं औषध सांग, दुसऱ्या बाळाचा विचार चाललाय तो तर आधी सांग. ते जे कमी करतील ते तुला गोगलगायीच्या चालीनं वाटेल. अमेरिकेत २०२५ साली निघालेल्या मार्गदर्शक सूचनांत सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी डोस फक्त ५ ते १० टक्के उतरवायला सांगितलंय. कित्येक महिने लागतील, कदाचित वर्षही. एखादी पायरी जड गेली तर तिथेच थांबायचं, डॉक्टरांशी बोलायचं. हिशेब त्यांनी करायचा, आपण ब्लेडनं गोळीचे तुकडे पाडत बसायचं नाही. आणि कुणी तुझ्यावर खेकसून 'उद्यापासून बंद करा' म्हणालं, तर सरळ दुसरा डॉक्टर शोधू. तुझ्यासारखीला असं सांगणाऱ्या डॉक्टरवर माझा तरी विश्वास बसणार नाही.

रात्री फारच घाबरल्यासारखं झालं तर टेलि-मानस हेल्पलाइनचा १४४१६ लाव. पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही उचलतात, भाषा निवडता येते. पण फिट आली, भ्रम झाला, नाही नाही ते दिसायला लागलं किंवा जीव द्यावासा वाटला, तर फोनवर बोलत बसू नकोस, थेट इमर्जन्सीत जायचं.

सोमवारी सकाळी मी दुर्ग स्टेशनवर येते, ओपीडीचा केसपेपर आपण मिळून काढू. तोवर रोजची गोळी रोजच्या वेळेला घे, कमी नाही की जास्त नाही. आणि कालपासून घेतलीच नसशील, तर हे वाचून झाल्याबरोबर मला फोन कर, आपण आजच निघू.