आधी दगड बाहेर काढा

रात्री खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टाकीतून ‘टक्’ असा आवाज आला म्हणून लगेच दगडात लपून शंख फोडणाऱ्या मँटिस श्रिम्पवर आळ घेऊ नये. तसा आवाज पिस्टल श्रिम्पही काढते, हिटरचा थर्मोस्टॅटही काढतो आणि काचेवरून निसटून दगडावर पडलेली गोगलगायही काढते. पिस्टल श्रिम्प तर बिचारी निरुपद्रवी. तिची एक नांगी मोठी असते, ती झटक्यात मिटली की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो आणि तोच आवाज आपल्याला ऐकू येतो. तिलाच मँटिस समजून चांगले दगड फोडून टाकलेले लोक मला माहीत आहेत.

पुरावा शोधायचा तो शंखांमध्ये. शंख नुसताच रिकामा पडला असेल तर गोगलगाय आपल्या मरणानं मेली असेल किंवा हर्मिट क्रॅबनं तिचा समाचार घेतला असेल. पण शंखाची कड तुकड्या-तुकड्यांनी उडाली असेल, पोटाला भोक पडलं असेल आणि असे फुटके शंख एकाच बिळाच्या तोंडाशी साचत असतील, तर संशयाला जागा आहे. आमच्या टाकीत नेमकं तेच चाललं होतं. आधी गोगलगाई कमी झाल्या, मग हर्मिट क्रॅब दिसेनासे झाले. माझा संशय बरेच दिवस ब्रिसल वर्मवर होता. खाऱ्या पाण्याच्या टाकीत काहीही बिघडलं की त्या काटेरी अळीला दोष द्यायची रीतच आहे. ती मेलेलं खाते, मारत नाही.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. टाकीतला दगड फ्लोरिडाहून मागवलेला, ‘लाइव्ह रॉक’. नैसर्गिक दगड समुद्रातून तोडून आणायला तिथे बंदी आहे, म्हणून मेक्सिकोच्या आखातात समुद्रतळाचे तुकडे भाडेपट्ट्यानं घेऊन त्यावर खाणीतला चुनखडीचा दगड टाकून ठेवतात. काही वर्षांत त्यावर स्पंज, शैवाल, शिंपले चढतात, सांदीकोपऱ्यात जिवाणू वसतात आणि मग तो ओला ठेवूनच विकतात. माशांच्या विष्ठेतून तयार होणारा अमोनिया हेच जिवाणू पचवतात, म्हणून या दगडाला इतकी किंमत. पण समुद्रात राहिलेल्या दगडात समुद्रच राहायला आलेला असतो. ज्याला स्पंज हवा त्याला खेकडेही मिळतात आणि कधीकधी मँटिसही. (मुंबई-पुण्याच्या वाचकांनी हा नाद करू नये. भारतात कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि ‘लाइव्ह रॉक’ म्हणून चोरून विकला जाणारा दगड बहुधा प्रवाळाचाच असतो. कोरड्या किंवा सिरॅमिकच्या दगडावर जिवाणू वाढवायला वेळ लागतो, पण ते काम होतं.)

मँटिस श्रिम्प ही खरं तर कोळंबी नव्हे. तो स्टोमॅटोपॉड, म्हणजे खेकडे, कोळंबी, शेवंड यांचा लांबचा भाऊबंद. त्याच्या साडेचारशेहून अधिक जाती माहीत आहेत आणि शिकारीच्या पद्धतीवरून त्यांचे दोन तट पडतात. भालेवाले वाळूत बिळं करतात आणि मासे, कोळंब्या भोसकतात. हातोडेवाले दगडाच्या भोकात राहतात आणि कवचं फोडतात. दगडाबरोबर घरी येतो तो जवळजवळ नेहमी हातोडेवाला. आखातातल्या दगडातून बहुतेकदा निओगोनोडॅक्टिलस वेनेरी ही जात येते. ती बोटाएवढी असते, कधी हिरवट, कधी तपकिरी.

या हातोड्याविषयी बरंच अवास्तव बोललं जातं. ‘बंदुकीच्या गोळीइतका वेग’ हे वाक्य तुम्ही वाचलं असेलच. जीवशास्त्रज्ञ शीला पटेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मोर-मँटिस या हातोडेवाल्या जातीचा फटका अतिवेगवान कॅमेऱ्यानं मोजला तेव्हा वेग भरला सेकंदाला सुमारे २३ मीटरपर्यंत, म्हणजे ताशी ८० किलोमीटरच्या थोडा वर. गोळी याच्या कितीतरी पुढे असते. गोळीशी तुलना व्हावी असं जे आहे ते त्वरण, म्हणजे शून्यापासून त्या वेगाला तो किती झटकन पोचतो ते. शिवाय फटक्यामागे पाण्यात पोकळी तयार होते आणि ती कोसळते, त्यामुळे एका घावात भक्ष्याला दोन दणके बसतात. इंग्लंडमध्ये ग्रेट यारमथच्या मत्स्यालयात टायसन नावाच्या मोर-मँटिसनं टाकीची काच तडकवल्याची बातमी १९९८ मध्ये गाजली होती. बोटाएवढ्या वेनेरीकडून काचेला तसं भय नाही. बोटाला मात्र आहे. मासेमार या प्राण्यांना अंगठा फाडणारा म्हणतात ते उगीच नाही.

आमच्याकडे बीळ शोधलं ते लेकीनं. रात्री टॉर्च घेऊन मी जे शोधत होतो, ते तिला दुपारी लांब सोफ्यावर बसून दिसलं. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. वेनेरी दिवसाही बिळाच्या तोंडाशी येऊन बसतो, पण काचेजवळ माणसाची सावली पडली की आत जातो. लांबून, न हलता, दुर्बीण असेल तर दुर्बिणीनं बघा. देठांवरचे दोन डोळे दिसतात आणि ते वेगवेगळ्या दिशांना फिरतात, एक तुमच्याकडे आणि एक वर. खेकड्याचे डोळे असे फिरत नाहीत, पिस्टल श्रिम्पचे तर नाहीच नाहीत. डोळे दिसले की कोणत्या दगडाचं कोणतं भोक, ते फोटो काढून नोंदवून ठेवा.

यानंतर प्रत्येकाकडे एक उपाय तयार असतो. दुकानदारानं सांगितलं, सिरिंजनं भोकात उकळतं पाणी सोडा. तसं केलं तर आतला मँटिस शिजतो, त्याच्याबरोबर दगडातलं बाकी सगळंही शिजतं, आणि ते कुजलं की अमोनिया चढून मासे जातात. भोक इपॉक्सीनं बुजवण्याचा सल्लाही तसाच. एक तर दगडाला दुसरी वाट असते, नाहीतर मेलेला प्राणी आत कुजतो. प्लास्टिकच्या बाटलीचं तोंड कापून उलटं बसवायचं आणि आत कोळंबीचा तुकडा ठेवायचा, हा सापळा निरुपद्रवी आहे, लावून बघायला हरकत नाही. आमच्या बाटलीत उरलासुरला एक हर्मिट क्रॅब तेवढा सापडला. ज्याला घराच्या दारातच खायला मिळतंय तो बाटलीत कशाला शिरेल?

चिमट्यानं किंवा तारेच्या आकड्यानं ओढून काढायचा प्रयत्न अजिबात नको. हा प्राणी बिळात वळतो आणि शेपटीची शेवटची जाड ढाल तोंडाशी लावतो. आपसांतल्या भांडणात ही मंडळी एकमेकांच्या याच ढालीवर हातोडे घालतात आणि ढाल फटक्याचा बराचसा जोर जिरवते. जी ढाल हातोड्यानं फुटत नाही तिच्यावर आपला चिमटा काय करणार? पाय तेवढे तुटतील.

प्राण्याच्या मागे लागायचंच नाही, दगड ताब्यात घ्यायचा. डोळे दिसत असताना सावकाश जवळ जा. तो आत जाईल, जाऊ द्या, तेच हवं आहे. मग दगड एका हालचालीत वर उचला, हातात जाड रबरी मोजे घालून आणि भोकाच्या बाजूला बोटं न ठेवता. घाबरलेला मँटिस बाहेर उडी मारत नाही, आणखी आत जातो, म्हणून हे जमतं. दगड उचलण्यापूर्वी त्याला टेकलेले शेजारचे दगड हलवून ठेवा, नाहीतर सगळा ढीग वाळूत कोसळतो आणि त्या गोंधळात तो दुसरा दगड धरतो.

टाकीचंच पाणी भरलेल्या बादलीवर प्लास्टिकची जाळी आडवी टाकून त्यावर दगड ठेवायचा, भोक खाली करून. पाणी निथळत जातं तसा पुष्कळदा प्राणी स्वतःच खाली उतरतो. आमचा उतरला नाही. मग दुसऱ्या बादलीत मीठ वाढवून केलेलं जड पाणी घेतलं. टाकीच्या पाण्याची घनता १.०२५ च्या आसपास असते, हे १.०३५ ते १.०४० च्या दरम्यान ठेवायचं आणि तापमान टाकीइतकंच. त्यात दगड काही मिनिटं बुडवून तेच पाणी सिरिंजनं भोकात सोडलं. तो बाहेर आला, आणि त्याच्याबरोबर कधी न पाहिलेले आणखी दोन खेकडेही. गोड्या पाण्यानंही प्राणी बाहेर येतात, पण दगडावरचा स्पंज मरतो. भोकात सोडावॉटर मारणारेही आहेत. त्यानं काम फार लवकर होतं, पण बाहेर आलेला प्राणी क्षणाचाही विलंब न लावता स्वच्छ खाऱ्या पाण्यात गेला पाहिजे. हे करताना जवळ दुसरं माणूस हवंच. छिन्नी-हातोडी अगदी शेवटी.

पकडायला जाळी वापरू नका, जाळीत पाय अडकतात. प्लास्टिकची पिशवीही नको, ती तो फाडतो. जाड प्लास्टिकचा डबा पाण्यात आडवा धरा आणि मागून हळूच हुसकून त्याला आत जाऊ द्या.

त्या दिवसांत सासरे मालवणहून आलेले होते. डब्यात डोकावून म्हणाले, “ह्यां तर आमच्या जाळ्यात गावता. हात फाडून टाकता.” त्यांच्याकडे ट्रॉलरच्या जाळ्यात येतो तो भालेवाला, वेगळ्या जातीचा. फार करून खतात किंवा फिशमीलमध्ये जातो. इतके डॉलर खर्चून आणलेल्या दगडातून फुकट निघालेला हा प्राणी आता डब्यात ठेवून सगळे वाकून बघत आहेत, याची त्यांना गंमत वाटत राहिली. मग त्यांनीच विचारलं, आता ह्याचं करायचं काय?

समुद्रात, खाडीत किंवा गटारात सोडायचं नाही, हे नक्की. लायनफिश हा हिंदी-प्रशांत महासागरातला मासा, १९८५ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर दिसला आणि आज कॅरिबियनभर पसरून तिथले मासे खातो आहे. तो टाक्यांमधूनच सुटला असं मानलं जातं. कॉलेर्पा नावाचं मत्स्यालयातलं शैवाल २००० मध्ये कॅलिफोर्नियाच्या एका खाजणात सापडलं, ते निपटून काढायला वर्षं गेली. फ्लोरिडाचा प्राणी न्यू जर्सीच्या थंडीत मरेलच असं समजून सोडणं म्हणजे हिशेब नव्हे, जुगार. काही दुकानं असे प्राणी परत घेतात, आधी फोन करून विचारावं. आम्ही ठेवून घेतला, आणि माझ्या मते ज्याला जमेल त्यानं ठेवून घ्यावा. खाऱ्या पाण्यात इतकं कमी मागणारा आणि इतकं बघायला देणारा दुसरा प्राणी मी ठेवलेला नाही.

बोटाएवढ्या वेनेरीला चाळीस लिटरची टाकी पुरते. बाकी कोणी नको, कारण सोबती म्हणून ठेवाल ते आज ना उद्या जेवण ठरतं. त्याचा जुना दगडच त्याला द्या. बीळ ओळखीचं असतं, आणि त्यातले जिवाणू आयते मिळाल्यामुळे नव्या टाकीला अमोनिया पचवायची क्षमता लवकर येते. तरी सुरुवातीला अमोनिया आणि नायट्राइट तपासत राहा, दोन्ही शून्य हवेत. पाणी पंचवीस अंशांच्या आसपास. वाळूबरोबर दगडाचे लहान तुकडे मूठभर टाका, तो ते उचलून नेऊन दाराशी रचतो. हे बांधकाम बघण्यात आमच्या घरातल्या किती संध्याकाळी गेल्या असतील. पाणी बदलताना हात घालायचा नाही, नळी वापरायची. आणि तांबं असलेलं माशांचं औषध त्या टाकीत कधीही नको. ते औषध ज्या टाकीत पडलं असेल तिथला दगडही वापरू नका, कारण चुनखडी तांबं शोषून ठेवते आणि कवचवाल्या प्राण्यांना ते विष आहे.

खाणं आठवड्यातून दोन-तीनदा. कोळंबीचा किंवा शिंपल्याचा तुकडा लांब बांबूच्या काडीला लावून द्यायचा, उरलं तर काढून टाकायचं. पण मऊ खाण्यावरच ठेवू नका. अधूनमधून जिवंत गोगलगाय किंवा छोटा खेकडा हवा. फोडणं हा त्याचा उद्योग आहे, त्यात हातोडे झिजले तरी कात टाकताना नवे येतात.

कात टाकण्याच्या वेळी बहुतेक जण घाबरतात. प्राणी खाणं सोडतो, दार आतून दगडांनी बुजवतो आणि कित्येक दिवस दिसत नाही. मेला समजून दगड उचलू नका. आत तो मऊ कवचानं पडलेला असतो आणि त्याच वेळी धक्का लागला तर खरंच मरतो. नंतर बिळाबाहेर पाय, ढाल, डोळ्यांची टोपणं यांसकट एक पारदर्शक मँटिस पडलेला दिसतो. ती कात. अमोनिया चढलेला नसेल तर थांबायचं, एवढंच काम. तुटलेला पायही दोन-तीन काती टाकल्यावर परत येतो.

डोळ्यांविषयी एक सांगून टाकतो, कारण बघायला आलेले पाहुणे हटकून विचारतात. रंग ओळखणाऱ्या पेशी आपल्या डोळ्यात तीन प्रकारच्या, त्याच्या डोळ्यात बारा. म्हणून त्याला आपल्याहून कितीतरी जास्त रंग दिसतात, असं सांगितलं जातं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मात्र जवळजवळचे रंग वेगळे ओळखण्यात तो आपल्यापेक्षा कच्चा निघाला. बहुधा तो रंगांची बारकाईनं तुलना करत बसत नाही, झटकन ओळखतो. त्याचं नवल दुसरीकडे आहे. त्याच्या काही जातींना वर्तुळाकार ध्रुवीकृत प्रकाश दिसतो.

राहिला प्रश्न सुट्टीत भारतात जाण्याचा. चांगला खाऊन असलेला मँटिस आठवडाभर उपाशी सहज राहतो, त्याहून जास्त दिवसांसाठी शेजाऱ्याला काडी कशी धरायची ते दाखवून ठेवा. खरी काळजी पाण्याची. लहान टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, आणि बघता बघता खारटपणा चढतो. काचेवर पाण्याच्या पातळीला चिकटपट्टी लावा आणि पट्टीपर्यंत भर घालायची ती गोड्या, गाळलेल्या पाण्याची, असं लिहून ठेवा. आमचे शेजारी सज्जन आहेत, पण मासा समुद्रातला म्हणून त्यांनी पहिल्या वेळी मीठ घालूनच पाणी ओतलं होतं. तेव्हापासून मिठाची पिशवी गॅरेजमध्ये कुलपात असते आणि टाकीच्या झाकणावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं आहे : फक्त गोडं पाणी, हात आत घालू नये.