ट्रॅक्टर खरेदी : सवलतीपेक्षा कोटेशन पाहा

खरिपाचा पैसा हाती येऊ लागला की गावोगावी ट्रॅक्टर खरेदीचे विचार सुरू होतात. दसरा, दिवाळीचा पाडवा, गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीया हे आपल्याकडील खरेदीचे ठरलेले मुहूर्त. बियाण्याची पिशवी घेताना लॉट नंबर व उगवणशक्तीची खूणचिठ्ठी पाहणारा, खताच्या गोणीवरील छापील किंमत वाचून दुकानदाराशी वाद घालणारा शेतकरी सात-आठ लाखांचा ट्रॅक्टर घेताना मात्र पुढे आलेल्या कागदावर न वाचताच सही करतो, असे वारंवार आढळून येते. गोणीवर जशी किंमत छापलेली असते तशी ट्रॅक्टरवर नसते. एकाच मॉडेलचा भाव शेजारच्या दोन तालुक्यांत वेगळा असू शकतो. त्यामुळे येथे वाचन आणि घासाघीस दोन्ही आवश्यक आहेत.

माझा विषय कृषिविद्येचा. किती अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घ्यावा, कोणता घ्यावा, हे कृषी अभियांत्रिकी विभागातील सहकारी अधिक अधिकाराने सांगतील. प्रस्तुत लेखात ट्रॅक्टर ठरल्यानंतरच्या व्यवहाराचा तेवढा विचार केला आहे. त्याचे कारण घरचेच आहे.

एका कोटेशनची तपासणी

सन २०२३ च्या दसऱ्याला माझ्या थोरल्या भावाने ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घेतला. विक्रेत्याने दिलेले कोटेशन पुढीलप्रमाणे होते.

ट्रॅक्टरची किंमत, जीएसटीसह : रु. ७,६५,०००
विमा : रु. २१,५००
आरटीओ : रु. १६,०००
हाताळणी व फाइल खर्च : रु. ८,५००
जादा साहित्य (छत, बंपर, हुक, टॉपलिंक) : रु. १८,०००
वाढीव वॉरंटी : रु. ९,०००
एकूण : रु. ८,३८,०००
दसरा सवलत : रु. २५,०००
देय रक्कम : रु. ८,१३,०००

भावाने सगळी घासाघीस शेवटून दुसऱ्या ओळीवर केली. सवलत पंधरा हजारांवरून पंचवीस हजारांवर आली, पेढे वाटले, हार घालून ट्रॅक्टर घरी आला. दोन महिन्यांनी पासिंगचे कागद आले तेव्हा आम्ही दोघे ओसरीवर बसून एकेक पावती लावू लागलो. आरटीओच्या पावत्यांची बेरीज १६,००० पेक्षा ९,००० रुपयांनी कमी भरली. तितक्याच विमा रकमेची पॉलिसी तालुक्यातील दुसरा विमा प्रतिनिधी ६,५०० रुपयांनी स्वस्त देत होता. टॉपलिंक, हुक आणि बंपर कंपनीच्या माहितीपत्रकात ट्रॅक्टरसोबतच येणाऱ्या साहित्यात छापलेले होते. त्यांचे मात्र वेगळे १०,००० रुपये लावले होते. वाढीव वॉरंटीची गरज नव्हती, कारण कंपनीची मूळ वॉरंटीच पुरेशी लांब होती. ‘हाताळणी’ म्हणजे नेमके काय, हे शोरूममध्ये कोणालाच सांगता आले नाही.

हे सर्व मिळून ४३,००० रुपये झाले. म्हणजे २५,००० ची सवलत घेऊन आम्ही १८,००० रुपये वरचढ देऊन आलो होतो. छताचे ८,००० मी यात धरलेले नाहीत. ते भावाला हवेच होते, जरी गावातील फॅब्रिकेशनवाल्याने ते कमी पैशात करून दिले असते.

कोणती ओळ कशी वाचावी

कोटेशनमधील रकमा तीन प्रकारच्या असतात. काही शासनाकडे जातात, काही तिसऱ्या संस्थेकडे (विमा कंपनी, वित्तसंस्था) आणि उरलेल्या विक्रेत्याकडे. प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलने ‘हे कोणाकडे जाणार?’ ते लिहावे. निम्मे काम तेथेच होते.

शासनाकडे जाणाऱ्या रकमेस पावती असते. नोंदणी शुल्क, बोजा नोंदीचे शुल्क इत्यादी भरणा ‘वाहन’ प्रणालीतून होतो व त्याची पावती निघते. तेव्हा ‘पावतीप्रमाणे जेवढे होतील तेवढेच देईन’ असे सांगून ठोक रक्कम नाकारावी. हाताळणी, फाइल, लॉजिस्टिक अशा नावांचे कोणतेही शासकीय शुल्क नाही. ती विक्रेत्याची स्वतःची आकारणी आहे, म्हणून तिच्यावर घासाघीस करता येते आणि ती नाकारताही येते.

जीएसटीची ओळ मुद्दाम पाहावी. ट्रॅक्टरवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवरील दर १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. करापूर्वीची किंमत रु. ७,००,००० असेल तर पूर्वी ८४,००० कर बसत असे, आता ३५,००० बसतो. फरक ४९,००० चा आहे. म्हणून केवळ ‘जीएसटीसह’ असा एक आकडा न घेता मूळ किंमत आणि कर वेगवेगळे लिहून मागावेत. जुन्या दराच्या काळातील भावाशी तुलना करताना करापूर्वीचीच किंमत लावावी. नाही तर करात झालेली घट विक्रेत्याची सवलत म्हणून आपल्याला दाखविली जाते.

विमा आवश्यक आहे, तो विक्रेत्याकडूनच घेणे आवश्यक नाही. तृतीय पक्ष विमा मोटार वाहन कायदा १९८८ नुसार बंधनकारक आहे. मात्र विमा कंपनी कोणती हे ठरविण्याचा अधिकार खरेदीदाराचा आहे. दोन पॉलिसींची तुलना करताना विमा रक्कम सारखी आहे ना ते पाहावे; नव्या वाहनाची विमा रक्कम सामान्यतः कंपनीच्या विक्री किमतीच्या ९५ टक्के धरली जाते. ती कमी दाखवून हप्ता स्वस्त केलेला असेल तर नुकसान आपले. ट्रॉलीला स्वतंत्र नोंदणी व स्वतंत्र विमा लागतो. अपघातानंतर दावा अडतो तो बहुधा येथेच. शोभेच्या दिव्यांवर आणि गाण्याच्या यंत्रावर खर्च करणारे बंधू ट्रॉलीचा विमा मात्र टाळतात, हे शिवारफेरीत अनेकदा पाहिले आहे.

जादा साहित्याबाबत एकच करावे. कंपनीचे छापील माहितीपत्रक मागून त्यातील ‘सोबत मिळणारे साहित्य’ वाचावे. त्यात असलेल्या वस्तूचे पैसे देऊ नयेत. त्यात नसलेली वस्तू हवी असल्यास बाहेरचा भाव काढावा. रोटाव्हेटर ‘जोडीने घेतला तरच हा भाव’ असे सांगितल्यास ट्रॅक्टरचा आणि रोटाव्हेटरचा वेगळा भाव मागावा. दोन वस्तूंचा एकत्र भाव म्हणजे मिश्र पिकाचे एकत्र वजन केल्यासारखे आहे. कोणत्या पिकाने किती दिले ते कधीच कळत नाही.

विशिष्ट विमा, साहित्य किंवा वॉरंटी घेतल्याशिवाय ट्रॅक्टर देणार नाही, अशी अट कोणी घातल्यास ती ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार निर्बंधात्मक व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणे ही याच कायद्याखाली अनुचित व्यापारी प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ असून आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. माझा अनुभव असा की, कोटेशनवर ‘ही रक्कम सक्तीची आहे असे लिहून द्या’ एवढे शांतपणे म्हटले तरी बहुतेक ओळी तेथल्या तेथे खोडल्या जातात.

घासाघीस केव्हा आणि कशी

मुहूर्ताच्या दिवशी शोरूम भरलेले असते. त्या दिवशी भाव उतरण्याचे कारणच नसते. याउलट पितृपंधरवड्यात आपल्याकडे कोणी वाहन घेत नाही, विक्रेत्याकडे गाड्या उभ्या असतात आणि लगेच पुढे नवरात्र व दसरा असतो. भाव ठरविण्यास हा पंधरवडा उत्तम. बोलणी तेव्हा करावी, लेखी भाव तेव्हा घ्यावा व ट्रॅक्टर मात्र दसऱ्याला आणावा. घरच्या वडीलधाऱ्यांचाही मग आक्षेप राहत नाही. महिनाअखेर आणि मार्चअखेर विक्रेत्यावर विक्रीचे लक्ष्य गाठण्याचा दबाव असतो, त्याचाही उपयोग करावा.

जानेवारी-फेब्रुवारीत खरेदी करताना उत्पादनाचा महिना व वर्ष विचारावे. नोंदणी प्रमाणपत्रावर उत्पादन वर्ष येते आणि पुढे विकताना ट्रॅक्टर तेवढ्याने जुना धरला जातो. मागील वर्षाचा ट्रॅक्टर घेण्यास हरकत नाही, पण नव्या वर्षाच्या भावाने घेऊ नये.

जाण्यापूर्वी मॉडेल, टायरचा आकार, क्लच व स्टिअरिंगचा प्रकार कागदावर लिहून न्यावा. याच तपशिलाची किमान तीन लेखी कोटेशन घ्यावीत. त्यांपैकी एक त्याच कंपनीच्या शेजारच्या जिल्ह्यातील विक्रेत्याचे असावे. खरेदी शक्यतो जवळच्याच विक्रेत्याकडे करावी, कारण ऐन पेरणीत ट्रॅक्टर बंद पडला तर मिस्त्री तोच पाठविणार. लांबचे कोटेशन जवळच्याला दाखविण्यासाठी असते. प्रश्नही एकच विचारावा : ‘सर्व धरून, पासिंग होऊन, माझ्या दारात ट्रॅक्टर किती रुपयांना?’ सवलत किती, हा प्रश्न विचारूच नये.

हा आकडा लेखी मिळेपर्यंत दोन गोष्टी बोलू नयेत. पहिली, जुना ट्रॅक्टर द्यायचा आहे ही. जुन्याला वीस हजार जास्त देऊन नव्याच्या सवलतीतून तेवढेच काढून घेणे सोपे असते. जुन्याचा भाव आधी बाजारात काढून ठेवावा. दुसरी गोष्ट कर्जाची.

नऊ टक्के की बारा टक्के?

भावाचे सर्वांत मोठे नुकसान कोटेशनमध्ये झाले नाही, ते कर्जात झाले. शोरूममध्येच बसलेल्या वित्तसंस्थेच्या प्रतिनिधीने ९ टक्के दर सांगितला. आमची बँक १२ टक्के सांगत होती. भावाने साहजिकच नऊ टक्के घेतले. परंतु हा ९ टक्के ‘फ्लॅट’ दर होता. म्हणजे रु. ६,००,००० वर पाच वर्षांचे पूर्ण व्याज, रु. २,७०,०००, प्रथमच मिळवून रु. ८,७०,००० चे दहा सहामाही हप्ते पाडले. प्रत्येक हप्ता रु. ८७,००० चा.

पाच हप्ते फेडल्यावर निम्मे मुद्दल परत गेलेले असते, तरी व्याज पूर्ण सहा लाखांवरच चालू राहते. बँकेचा १२ टक्के दर घटत्या शिलकेवर होता. त्या हिशेबाने सहामाही हप्ता सुमारे रु. ८१,५२० आला असता. दहा हप्त्यांत फरक सुमारे रु. ५४,८०० चा, म्हणजे कोटेशनमधील नुकसानीच्या तिप्पट. सहामाही हप्त्यांवरील हा ९ टक्के फ्लॅट दर घटत्या शिलकेवर वर्षाला सुमारे १४.८ टक्के पडतो.

म्हणून टक्केवारीपेक्षा हप्ता किती व हप्ते किती हे विचारून गुणाकार करावा. प्रक्रिया शुल्क, कर्जासोबत जोडलेला जीवन विमा आणि मुदतीपूर्वी फेडल्यास लागणारा दंड हेही विचारावे. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ मुदत कर्जांसाठी सर्व खर्च धरून येणारा वार्षिक दर दाखविणारे मुख्य तथ्य विवरण देणे बंधनकारक केले आहे. ते मागून घ्यावे. स्वतःची रक्कम भरावी लागू नये म्हणून किंमत वाढवून कोटेशन करून घेण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो ऐकू नये. तो खोटा कागद होतो, शिवाय वाढविलेल्या रकमेवर व्याजही आपणच भरतो.

अनुदानाच्या बाबतीत क्रम महत्त्वाचा आहे. महाडीबीटी पोर्टलवर अर्ज, निवड व पूर्वसंमती झाल्यानंतरच खरेदी करावी. ‘आधी ट्रॅक्टर न्या, अनुदानाचे नंतर पाहू’ या शब्दावर विसंबून आधीच्या तारखेचे बिल झाले तर प्रस्ताव बाद होतो.

ताब्यात घेताना

बुकिंगची रक्कम कमीत कमी द्यावी आणि पावती घ्यावी. दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास २०१७ पासून आयकर कायद्याची मनाई आहे, त्यामुळे मोठा भरणा बँकेमार्फतच करावा. तो पुरावाही राहतो. शेवटची रक्कम ट्रॅक्टर पाहिल्यावरच द्यावी. चॅसिस व इंजिन क्रमांक बिलाशी आणि नमुना २१ च्या विक्री प्रमाणपत्राशी ताडून घ्यावेत. तासमापक पाहावा, दाखविण्यासाठी गावोगावी फिरविलेला ट्रॅक्टर नवा म्हणून दिला जाऊ शकतो. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो, त्यातील पहिले दोन आठवड्याचे व शेवटचे दोन वर्षाचे. ३२२५ म्हणजे २०२५ चा ३२ वा आठवडा. बॅटरीचे वॉरंटी कार्ड, सेवा पुस्तिका व हत्यारांची पेटी यादीप्रमाणे मोजून घ्यावी. तात्पुरत्या किंवा कायम नोंदणीशिवाय वाहन खरेदीदाराच्या ताब्यात देण्यास विक्रेत्याला नियमाने परवानगी नाही, तेव्हा ‘घेऊन जा, नंबर मागाहून येईल’ हे मान्य करू नये.

सर्व पावत्या कर्ज फिटेपर्यंत एकाच पिशवीत ठेवाव्यात. शेवटचा हप्ता भरल्यावर वित्तसंस्थेचे ना-हरकत पत्र व नमुना ३५ घेऊन आरटीओकडील बोजा उतरवावा. जमीन तारण असल्यास तलाठ्याकडे अर्ज देऊन सातबाऱ्यावरील बोजाही कमी करून घ्यावा आणि नवा उतारा काढून पाहावा.