घरातील चित्रपट आणि त्याचे संकलन

गेल्या श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्यापैकी एकाच्या उधन्यातील घरी कानबाईची स्थापना झाली. खानदेशातून पोटापाण्यासाठी सुरतेस आलेल्या कुटुंबांत हा सण किती मोठा असतो, हे येथील वाचकांस सांगावयास नको. ताप्तीकाठच्या लोहमार्गाने नंदुरबार व अमळनेरकडील नातेवाईक आले, रोट झाले, रात्रभर गाणी झाली आणि दुसऱ्या दिवशी विसर्जनाची मिरवणूक निघाली. या सर्वांचे चित्रण तीन मोबाइलांवर झाले. ते एकत्र केले तेव्हा भरले 2 तास 10 मिनिटे! पुढील रविवारी मंडळी मोठ्या उत्साहाने ते पाहावयास बसली. परंतु अर्ध्या तासातच निम्मी मंडळी उठून गेली. जो सोहळा प्रत्यक्षात कोणासही कंटाळवाणा वाटला नव्हता, तो पडद्यावर असा का वाटावा? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही चौघे मित्र जे शिकलो, ते प्रस्तुत लेखात सांगत आहोत.

चित्रपटाची कला ही मोठ्या कारखान्यातली कला, असा आपला समज असतो. वस्तुतः तिचा जन्म घरातच झाला. 1895 साली पॅरिस येथे ल्यूमिए बंधूंनी जे पहिले खेळ लोकांस दाखविले, त्यांत ऑग्यूस्त ल्यूमिए आपल्या तान्ह्या मुलीस भरवीत आहेत, असे एक दृश्य होते. त्यास जगातील पहिला गृहचित्रपट म्हणावयास हरकत नाही. आपल्याकडील उदाहरण तर याहून जवळचे आहे. दादासाहेब फाळके हे त्र्यंबकेश्वरचे. परंतु त्यांचे शिक्षण बडोद्याच्या कलाभवनात झाले आणि छायाचित्रणाचा व्यवसाय त्यांनी काही काळ गोध्रा येथे केला. म्हणजे आपल्या गुजराताशी त्यांचे नाते जुनेच. 1912 साली त्यांनी वाटाण्याचा दाणा कुंडीत पेरून त्याच्या वाढीची एकेक चित्रे दिवसामागून दिवस घेतली आणि सर्व वाढ पडद्यावर क्षणभरात दाखविली. 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ तयार झाला तेव्हा त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई घरातील सर्वांचा स्वयंपाक सांभाळून फिल्मला छिद्रे पाडण्याचे व ती धुण्याचे काम करीत. पुत्र भालचंद्र रोहिदास झाला. पुढे 1919 साली कन्या मंदाकिनी ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाली.

त्या वाटाण्याच्या दाण्यातच आमच्या प्रश्नाचे उत्तर होते. पडद्यावरील काळ हा घड्याळातील काळ नव्हे. काय दाखवावे याइतकेच काय वगळावे, हेही तेथे ठरवावे लागते. या निवडीस व जुळणीस संकलन म्हणतात.

पूर्वी हे काम कात्रीने होत असे. फिल्म कापावयाची, नको तो भाग काढावयाचा आणि उरलेले तुकडे चिकटवावयाचे. 1923 साली 16 मिलिमीटरची, 1932 साली 8 मिलिमीटरची आणि 1965 साली सुपर 8 ही फिल्म निघाली व श्रीमंत हौशी माणसांच्या घरी कॅमेरा पोहोचला. त्यानंतर व्हिडिओ कॅसेट आली. सामान्य माणसास घरच्या संगणकावर संकलन करता येऊ लागले ते मात्र 1999 साली आयमूव्ही व 2000 साली विंडोज मूव्ही मेकर आल्यावर. यांपैकी मूव्ही मेकर 2017 साली बंद झाले; परंतु तशी अनेक साधने आज संगणकावर व मोबाइलवर विनामूल्य मिळतात. नावे वेगळी असली तरी सर्वांची रचना सारखीच असते. एका बाजूस मूळ क्लिपांचा साठा, वर चित्र पाहण्याची चौकट आणि खाली टाइमलाइन म्हणजे काळाची पट्टी. क्लिप पट्टीवर ठेवावयाची, तिची दोन्ही टोके आत ओढून आखूड करावयाची, पुढेमागे सरकवावयाची, आणि अखेर एक्स्पोर्ट करून सलग चित्रफीत बनवावयाची.

साधन हाती घेण्यापूर्वी मात्र वही हाती घ्यावी. आम्ही सर्व क्लिपा एकदा शांतपणे पाहिल्या आणि प्रत्येकीचा क्रमांक, लांबी व तीत काय आहे हे लिहून काढले. या कामास तीन सायंकाळी लागल्या. त्यामुळे असे दिसून आले की, मिरवणुकीचे चित्रण पन्नास मिनिटांचे होते, पण त्यात नवे असे चार मिनिटांपलीकडे काही नव्हते. उलट, रोट भाजताना आत्याबाईंच्या हातांचे दृश्य केवळ बारा सेकंदांचे होते व ते सर्वांत चांगले होते. दृश्य कोठे तोडावे याचा साधा नियम असा, की क्रिया पूर्ण होण्याच्या किंचित आधी तोडावे. उरलेला भाग पाहणाऱ्याचे मन आपोआप पूर्ण करते.

दुसरी गोष्ट दृश्यांच्या क्रमाची. 1920 च्या सुमारास रशियातील दिग्दर्शक कुलेशोव्ह यांनी एका नटाचा तोच निर्विकार चेहरा कधी सूपच्या बशीशेजारी, तर कधी शवपेटीशेजारी जोडून दाखविला. प्रेक्षकांस पहिल्या वेळी त्याच्या मुद्रेत भूक व दुसऱ्या वेळी शोक दिसला. आम्हीही हा प्रयोग करून पाहिला. आजींचा शांत चेहरा विसर्जनाच्या दृश्यानंतर ठेवला, तर त्या गहिवरल्यासारख्या वाटत. रोट पळविणाऱ्या नातवानंतर ठेवला, तर हसू आवरीत आहेत असे वाटे. प्रत्यक्षात त्या गाण्याची पुढची ओळ आठवीत होत्या! यावरून संकलकाच्या हाती केवढी शक्ती असते हे ध्यानी येते, आणि घरच्या माणसांविषयी ती किती जपून वापरावी हेही.

तिसरी गोष्ट ध्वनीची, आणि येथेच आम्ही चुकलो. पहिल्या प्रयत्नात आम्ही मूळ आवाज बंद करून सर्व दृश्यांवर एक लोकप्रिय चित्रपटगीत चढविले. नऊ मिनिटांची ती चित्रफीत आम्हांस फार सुरेख वाटली. आत्याबाईंनी ती पाहिली आणि एवढेच विचारले, “येम्हा मनी माय कोठे शे?” आजी तर अनेक दृश्यांत दिसत होत्या. पण आत्याबाई शोधीत होत्या तो त्यांचा आवाज. आजी त्या रात्री अठरा मिनिटे अहिराणीत कानबाईची गाणी गात होत्या, आणि ती आम्ही पुसून टाकली होती.

आम्ही मूळ आवाज पुन्हा आणावयाचे ठरविले. आजींचे गाणे सलग ठेवून त्यावर इतरांची दृश्ये बसविली, म्हणजे चित्र बदलते पण आवाज तुटत नाही. ही युक्ती साधते की नाही हे पाहण्यासाठी सुरुवातीचा 40 सेकंदांचा नमुना एक्स्पोर्ट केला. तो उत्तम उतरला. याच वेळी संगणकातील जागा संपत आली. हिशेब सोपा आहे. सेकंदास 20 मेगाबिट या दराने चित्रण असेल, तर एका सेकंदास अडीच मेगाबाइट लागतात. 2 तास 10 मिनिटांचे सेकंद होतात 7,800. म्हणजे सुमारे साडेएकोणीस गिगाबाइट झाले. क्लिपा आता प्रोजेक्टमध्ये आल्याच आहेत, अशा समजुतीने आम्ही मोठ्या आकाराच्या मूळ क्लिपा पुसल्या.

दुसऱ्या दिवशी प्रोजेक्ट उघडले, तो आजींच्या जागी काळी चौकट! प्रोजेक्टच्या फाइलमध्ये चित्र वा आवाज साठविलेला नसतो. कोणती क्लिप कोठे आहे व तिचा कोणता भाग घ्यावयाचा, एवढी टिपणेच तीत असतात. कात्रीच्या काळात कापलेला तुकडा निदान जमिनीवर तरी सापडे. संगणक मूळ क्लिपेस हात लावीत नाही, हा त्याचा मोठा गुण. परंतु मूळ क्लिपच नाहीशी केली तर टिपणे निरुपयोगी होतात. ज्या मोबाइलवर ते गाणे होते, तोही आधीच रिकामा केलेला होता.

आम्ही आजींकडे जाऊन खरे ते सांगितले. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी पुन्हा गावयास सुरुवात केली. पण दम पुरेना, आणि चार कडव्यांपुढचे त्यांना आठवेना. बरोबर गाणाऱ्या बायका नसल्या म्हणजे आठवत नाही, असे त्या म्हणाल्या. आज आमच्या सात मिनिटांच्या चित्रपटात त्या रात्रीचे म्हणून जे गाणे आहे, ते त्या 40 सेकंदांच्या नमुन्यातले.

सुरतेच्या लोकांस अशी हानी नवी नाही. ऑगस्ट 2006 च्या महापुरात तापीचे पाणी घराघरांत शिरले, तेव्हा आमच्यापैकी दोघांच्या घरच्या लग्नाच्या कॅसेटी व अल्बम चिखलात गेले, असे वडीलधारी मंडळी सांगतात. तेव्हा नदी आली होती. आमच्या बाबतीत आमचेच बोट पुरले.

म्हणून विद्यार्थिमित्रांस आमची विनंती आहे. चित्रण झाल्याबरोबर मूळ क्लिपांच्या निदान दोन प्रती दोन निरनिराळ्या उपकरणांवर ठेवाव्या व तिसरी शक्य तर दुसऱ्या घरी, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या नातेवाइकाकडे ठेवावी. चित्रपट पूर्ण होऊन सर्वांनी पाहीपर्यंत काहीही पुसू नये. आणि संकलनास बसण्यापूर्वी घरातील वडील माणसांस विचारावे की, यातले काय राहिले पाहिजे. येत्या श्रावणात आम्ही कानबाईसमोर पुन्हा बसणार आहोत. त्या वेळी आजींच्या बरोबरीने गाणाऱ्या बायकांनाही बोलावण्याचे आत्याबाईंनी कबूल केले आहे.