गोधडीचा इतिहास : अनेक हातांचा, पण नावांवाचून राहिलेला

ठाणे जिल्ह्यात वसईच्या खाडीकाठी, भाईंदर पूर्वेस जेसल पार्क ही वसाहत आहे. मीठागरे, मासेमारी आणि भातशेती यांवर जगणाऱ्या गावांचा हा परिसर. १९८५ मध्ये येथील ग्रामपंचायतींच्या जागी मीरा-भाईंदर नगर परिषद आली आणि २००२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. मुंबईलगत वाढलेल्या या शहरात कोकण, देश, खानदेश, गुजरात, राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहार अशा अनेक भागांतून कुटुंबे येऊन स्थायिक झाली. गाव सोडताना माणूस थोडेच सामान बरोबर घेतो, पण त्या थोडक्या सामानात अंथरूण-पांघरूण असतेच. त्यामुळे अशा वसाहतीत देशाच्या निरनिराळ्या भागांतील गोधड्या एकाच इमारतीत नांदू शकतात. मात्र सदनिकांत जागा अपुरी असते आणि बाजारात हलकी ब्लँकेटे मिळतात. जुनी गोधडी आधी माळ्यावर जाते, मग फरशी पुसायला आणि शेवटी कचऱ्यात. तिच्याबरोबर एक लेखी नसलेला इतिहासही जातो. तो कसा वाचावा आणि कसा जपावा, याचा विचार येथे केला आहे.

एक वस्तू, अनेक नावे

महाराष्ट्रात गोधडीला वाकळ असेही म्हणतात. तान्ह्या बाळासाठी शिवलेले ते दुपटे. गुजरातेत गोदडी आणि धडकी, सिंध व थरच्या प्रदेशात रल्ली, बिहारमध्ये सुजनी, बंगालमध्ये कांथा, कर्नाटकात कौदी ही तिची भावंडे होत. उत्तर कन्नड भागातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया ‘कवंद’ शिवतात. त्याच्या चारी कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडाची ‘फुले’ बसल्याशिवाय ते पुरे झाले असे मानत नाहीत. ‘कंथा’ हा संस्कृत शब्दही ठिगळांच्या पांघरुणाचाच वाचक असून भर्तृहरीच्या वैराग्यशतकात विरक्ताच्या कंथेचा उल्लेख आढळतो. वस्त्र विरले तरी टाकायचे नाही, त्याचे थर करून पुन्हा उपयोगात आणायचे, ही रीत या देशात फार जुनी आहे.

गोधडीची रचना साधी असते. जुनी लुगडी, धोतरे, सदऱ्यांचे तुकडे एकावर एक पसरायचे, वरखाली धड कापड लावायचे आणि कडेपासून मध्याकडे धावदोरा घालत जायचे. टाक्यांच्या समांतर ओळींनी थर एकजीव होतात, थरांमध्ये हवा अडकून राहते आणि त्यामुळे ऊब टिकते. नऊवारी लुगड्याची लांबी आठ मीटरच्या आसपास असल्याने त्याचा विरलेला भाग वगळूनही गोधडीला पुरेसे कापड निघते. लुगडे जुने होईल तितके मऊ होते, म्हणून अंगाला लागणारी बाजू त्याचीच असावी, हा अनुभवाचा नियम होय.

अनेक हातांचे काम

मोठी गोधडी एकटीने शिवायची म्हणजे अनेक दिवसांचे काम. म्हणून सुगी आटोपल्यावर, दुपारच्या वेळी, अंगणात किंवा ओसरीवर शेजारच्या बायका चारी बाजूंनी बसत. शेतीत जशी इर्जिक तसाच हा प्रकार : आज एकीचे काम, उद्या दुसरीचे. मोबदला देऊन गोधडी शिवून घेण्याची पद्धतही होती व आहे. पण मोबदल्याने शिवलेली असो वा परस्पर साहाय्याने, शिवणारीचे नाव गोधडीवर सहसा येत नाही. टाक्यांची लांबी, ओळींतील अंतर, दोऱ्याचा ताण हीच तिची सही. बारकाईने पाहिल्यास एकाच गोधडीत दोन-तीन हातांचे टाके वेगवेगळे ओळखता येतात.

नाव नसणे ही किरकोळ गोष्ट नव्हे. सोळाव्या व सतराव्या शतकांत बंगाल आणि खंबायत येथील नक्षीदार रजया पोर्तुगीज व्यापारी गोव्यामार्गे लिस्बनला नेत. दुआर्ते बार्बोसा याने सोळाव्या शतकाच्या आरंभी खंबायतच्या सुंदर रजयांचे वर्णन केले आहे. जेसल पार्कच्या पलीकडे खाडीच्या उत्तर तीरावरील वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगिजांकडेच होती. त्या रजया श्रीमंतांच्या दालनांत राहिल्या, म्हणून आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमसारख्या संग्रहांत दिसतात. घरची गोधडी मात्र रोज वापरली गेली आणि वापरातच संपली. जे जपले गेले त्याचा इतिहास झाला. जे झिजले त्याची नोंदही राहिली नाही.

नोंदीचे मोल : ‘राजा’ जहाजावरील गोधडी

एका छोट्या नोंदीने काय साधते, हे एका परदेशी उदाहरणावरून कळते. १८४१ च्या एप्रिलमध्ये ‘राजा’ नावाचे जहाज इंग्लंडमधून सुमारे १८० शिक्षा झालेल्या स्त्रियांना घेऊन टास्मानियाकडे निघाले व जुलैमध्ये होबार्ट बंदरास पोहोचले. तुरुंगसुधारणेसाठी झटणाऱ्या एलिझाबेथ फ्राय यांच्या महिला मंडळाने अशा स्त्रियांना सुया, दोरे आणि कापडाचे तुकडे देण्याची प्रथा घातली होती. केझिया हेटर या तरुणीच्या देखरेखीखाली जहाजावरील स्त्रियांनी त्यांतून सुमारे सव्वातीन मीटर लांबी-रुंदीची गोधडी शिवली. तीत २,८१५ तुकडे आहेत. पुढे ती दीर्घकाळ विस्मृतीत गेली. १९८० च्या दशकात स्कॉटलंडमध्ये पुन्हा उजेडात आल्यावर १९८९ मध्ये ती कॅनबेरा येथील नॅशनल गॅलरी ऑफ ऑस्ट्रेलियाच्या संग्रहात दाखल झाली.

इतक्या वर्षांनंतरही ती ओळखता आली, कारण तिच्या कडेला शिवणाऱ्यांनी मजकूर भरला होता : जहाजाचे नाव, प्रवास, ज्यांना ती अर्पण केली त्या मंडळाचा उल्लेख आणि जून १८४१ ही तारीख. व्यक्तींची नावे त्यात नाहीत, पण त्या चार ओळींमुळे अभ्यासकांना जहाजावरील याद्यांपर्यंत जाता आले. त्या ओळी नसत्या तर ती केवळ एक सुंदर जुनी चादर ठरली असती.

जुनी गोधडी कशी वाचावी

आपल्याकडील गोधडीवर असा मजकूर बहुधा नसतो. मग साक्ष घ्यायची ती कापडाची. पहिला नियम असा की, गोधडी तिच्यातील सर्वांत नव्या कापडापेक्षा जुनी असू शकत नाही. मुंबईतील पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली. तिथून पुढे गिरणीचे कापड हळूहळू घरोघर पोहोचले. कृत्रिम जांभळा रंग १८५६ मध्ये प्रथम तयार झाला, तर कृत्रिम नीळ १८९७ मध्ये बाजारात आली. कापडाच्या टोकावर गिरणीचा शिक्का शिल्लक असेल आणि त्यावर वाराऐवजी मीटर असेल, तर ते कापड १९५६ च्या वजन-मापांच्या कायद्यानंतरचे समजावे. टेरीनचा तुकडा त्याहून अलीकडचा काळ दाखवतो.

दुसरा नियम हा की, वरचा थर म्हणजे सगळी गोधडी नव्हे. फाटलेल्या गोधडीवर नवे कापड घालून ती पुन्हा शिवली जाई. त्यामुळे नव्या गोधडीच्या पोटात आजीच्या वेळची गोधडी असू शकते. मात्र ती पाहण्यासाठी उसवू नये. कडेला विरलेल्या जागेतून जेवढे दिसेल तेवढेच पाहावे. तिसरी गोष्ट तुकड्यांची निवड. लुगड्याचे काठ कुठे लावले, मुलाच्या झबल्याचा तुकडा मध्यावर का आला, हे घरातील वृद्ध स्त्रीच सांगू शकते. कापडावरून काळ कळतो. माणसे मात्र तिच्या आठवणीतूनच कळतात.

जतन आणि नोंद

खाडीकाठच्या दमट हवेत कापडाला बुरशी लवकर धरते. म्हणून जुनी गोधडी प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नये. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून, घड्या न घालता वळकटी करून कोरड्या जागी ठेवावी व अधूनमधून सावलीत पसरून हवा द्यावी. प्रखर उन्हाने रंग उडतो आणि धागा कमकुवत होतो. सोड्याने किंवा कडक साबणाने ती धुऊ नये.

जतनाइतकीच नोंद महत्त्वाची. शाळेतील विद्यार्थ्यांना हा उपक्रम सहज देता येईल. घरातील एका गोधडीची लांबी-रुंदी मोजावी, दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत आणि वडीलधाऱ्यांना विचारून पाच गोष्टी लिहाव्यात : कोणी शिवली, बरोबर कोण बसले होते, कोणत्या गावी, साधारण कोणत्या वर्षी, कोणाकोणाचे कपडे तीत आहेत. ही माहिती कापडी पट्टीवर लिहून गोधडीच्या मागे टाचावी आणि तिची प्रत शाळेत ठेवावी. गणित, भूगोल, इतिहास आणि भाषा या चारही विषयांचा पाठ त्यात साधतो. ग्रामपंचायतींना व प्रभागांना वाचनालयाच्या एका कपाटात अशा नोंदींची वही ठेवता येईल. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयाची उभारणी दिनकर केळकर यांनी नित्याच्या वापरातील वस्तू जमवूनच केली, हे येथे ध्यानात घ्यावे.

ही परंपरा रोजगाराशीही जोडता येते. बिहारमध्ये मुझफ्फरपूर जिल्ह्यातील भूसुरा गावी १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्त्रियांचे गट संघटित होऊन सुजनी शिवू लागले. हुंडा, शिक्षण, आरोग्य असे स्वतःच्या जीवनातील प्रश्न त्यांनी टाक्यांतून मांडले. २००६ मध्ये बिहारच्या सुजनीला भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. आपल्या राज्यात १९७५ मध्ये महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे बचत गटांचे जाळे उभे राहिले. गोधडी विकणाऱ्या गटांनी प्रत्येक गोधडीवर शिवणाऱ्या स्त्रियांची नावे, गाव आणि वर्ष टाक्यांनी घातले तर ग्राहकाला वस्तूची खात्री पटेल, कारागिरास मान मिळेल आणि पुढील पिढीच्या अभ्यासकाला तारीख शोधत बसावे लागणार नाही.

मागील पिढ्यांतील बहुतेक शिवणाऱ्या स्त्रियांची नावे आता परत मिळणार नाहीत. ज्या आजी-मावशी आज जेसल पार्कमधील किंवा एखाद्या वाडीतील घरात ती आठवण बाळगून आहेत, त्यांना मात्र आजच विचारता येईल. त्यासाठी लागते ती एक वही, मोजपट्टी आणि त्यांच्यापाशी बसण्याइतका वेळ.