पाखरांची हजेरी

मैत्रिणींनो, गटाची बैठक सुरू झाली की आपण आधी हजेरी घेतो, मग बचत, मग कर्जाचा हप्ता. सगळं वहीत येतं. अशीच एक वही समुद्रकाठच्या पक्षी निरीक्षण केंद्रावरही असते आणि ती लिहायला अनेक स्वयंसेवक बिनपगारी येतात. ते काम काय असतं आणि आपल्या गावतळ्यावर ते कसं करता येईल, हे या पाठात पाहू.

समुद्रकाठी काय चालतं?

उत्तरेकडच्या थंड देशांतली पाखरं हिवाळ्यात आपल्याकडं येतात. फाल्गुन-चैत्रात ऊन तापलं की अंडी घालायला माघारी निघतात. लांबच्या वाटेआधी ती किनाऱ्यावर पोटभर खाऊन अंगात चरबी साठवतात, म्हणून तिथं ती मोठ्या संख्येनं दिसतात. जर्मनीच्या हेल्गोलँड बेटावर १९१० पासून असं केंद्र आहे. आपल्या देशात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी ही १८८३ सालची संस्था हे काम करते. डॉ. सलीम अली यांच्या पुढाकारानं १९५९ मध्ये पाखरांच्या पायात कडी घालण्याची मोठी मोहीम सुरू झाली.

बारीक जाळीत पाखरू अडकतं. शिकलेला माणूस ते अलगद सोडवतो, पंख मोजतो, वजन करतो, नंबर असलेली हलकी कडी घालतो आणि सोडून देतो. पुढं ते पाखरू दुसऱ्या देशात सापडलं, तर नंबरावरून त्याची वाट कळते. स्वयंसेवक जाळ्यांवर लक्ष ठेवतात, दुर्बिणीतून थवे मोजतात, आकडे लिहितात. एकही पाखरू आलं नाही तर 'शून्य' लिहितात. शून्य हीसुद्धा नोंदच आहे. अशा वह्या वर्षानुवर्षं साठल्या की कोणतं पाखरू कमी होतंय ते कळतं.

जाळी लावायला आणि कडी घालायला सरकारी परवानगी लागते. लांबून मोजायला मात्र कुणाचीच लागत नाही.

आपल्या शिवारातले पाहुणे

अहमदपूरहून समुद्र लांब आहे, पण पाहुणे आपल्याकडंही येतात. ज्वारी राखताना जिच्यावर आपण गोफण फिरवतो, ती भोरडी परदेशी आहे. मध्य आशियाकडून पावसाळा सरता ती येते आणि पळस फुलून गेला की परत जाते. ती नुसती कणसं खात नाही, नाकतोडे आणि टोळही खाते. म्हणूनच चीनच्या शिनजियांग भागात भोरड्यांना घरटी करायला मुद्दाम जागा बांधून देतात. तळ्याच्या काठावर शेपटी हलवत चालणारा पिवळा धोबीही पाहुणाच. पाण्यात काळ्या अंगाचा, कपाळी पांढरा टिळा लावलेला वारकरी दिसतो.

यात आपला काय फायदा?

जानेवारी २०२१ आठवा. आपल्या तालुक्यातल्या केंद्रेवाडीत कोंबड्या मेल्या आणि भोवतालचा दहा किलोमीटरचा परिसर सतर्क म्हणून जाहीर झाला. परसातल्या कोंबड्यांवर ज्यांचा आठवडी बाजार चालतो, त्यांना त्याची झळ वेगळी सांगायला नको. जी बाई दर आठवड्याला तळं बघते, तिला मेलेली पाखरं लवकर दिसतात. ती लवकर कळवते आणि पुढचं नुकसान टळू शकतं.

दुसरं म्हणजे, जैवविविधता कायदा २००२ प्रमाणं ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असावी लागते. या समितीत महिलांना जागा असते. उद्या तळं बुजवायची किंवा काठ अडवायची गोष्ट निघाली, तर आपल्या वहीतले आकडे ग्रामसभेत मांडता येतील. "इथं पाखरं येतात" असं नुसतं म्हटलं तर कुणी ऐकत नाही. तारीख आणि आकडा दाखवला तर ऐकावं लागतं.

काम कसं करायचं?

१. दोघी-दोघींच्या जोड्या करा. पाळी ठरवा.
२. आठवड्यातून एक ठरलेला दिवस, सकाळी अर्धा तास, दर वेळी एकाच जागेवरून पाहा.
३. वहीत तारीख, वेळ, पाण्याची पातळी, पाखराचं नाव, संख्या आणि सही. नाव माहीत नसेल तर रंग, चोच आणि पाय लिहा. आपल्या गावातलं नावही चालेल.
४. थवा मोठा असेल तर आधी दहा मोजा. तेवढी जागा नजरेत धरून दहा-दहाचे घास करा.
५. घरट्याजवळ जाऊ नका. अंडी, पिलं हाताळू नका.
६. मेलेल्या पाखराला हात लावू नका, पोरांना लावू देऊ नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या टोल फ्री नंबरवर कळवा. तळ्यावरून आल्यावर हातपाय धुवूनच कोंबड्यांच्या खुराड्याकडं जा.

बैठकीत बोलण्यासाठी

- आपल्या गावात भोरड्या कधी येतात, कधी जातात? म्हाताऱ्या बायांना विचारून लिहा.
- वीस वर्षांपूर्वी दिसणारं कोणतं पाखरू आता दिसत नाही?
- आपल्या ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आहे का? तिच्यात कोणत्या महिला आहेत?
- पहिल्या महिन्याची पाळी कोणाची?

पहिल्या चार आठवड्यांची वही भरली की ग्रामसंघाच्या बैठकीत वाचून दाखवा आणि ती पंचायतीच्या नोंदवहीला जोडण्याचा ठराव घ्या.