फ्लोरिन कुणाकडे राहतो?

ट्रॉम्बेहून निवृत्त होऊन नाशकात गंगापूर रोडला राहायला आलेली रसायनशास्त्रज्ञ आत्या आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीत हीट ट्रीटमेंटचं काम करणारा तिचा भाचा, यांच्या गप्पा.

भाचा : आत्या, आमचा सॉल्ट बाथ बाराशे डिग्रीला चालतो. बेरियम क्लोराइडचा. त्यात हायस्पीड स्टीलचे कटर बुडवून हार्डनिंग करतो. तुमचा क्षार तर सहाशे-सातशेचा. मग एवढा अभ्यास कसला करत होतात?

आत्या : तुमचा बाथ बिघडला की तुम्ही सॉल्ट उपसता आणि नवं भरता. आमच्या अणुभट्टीत क्षार हेच इंधन. युरेनियम, थोरियम त्यातच विरघळलेलं. आपल्याकडे केरळ-ओडिशाच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या वाळूत थोरियम भरपूर, म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्रात 850 मेगावॅटच्या क्षारभट्टीचा आराखडा झाला. जानेवारी 2013मध्ये याच विषयावर तिथं परिषदही झाली.

भाचा : पण फ्लोराइडच का? आमचं क्लोराइड काय वाईट आहे?

आत्या : क्लोराइडवरही काम चालतं. पण साधा क्लोरीन न्यूट्रॉन बराच खातो, फ्लोरिन फारसा खात नाही. शिवाय फ्लोराइडं जबर टिकाऊ. लिथियम फ्लोराइड एकटं घेतलं तर 848 अंशांना वितळतं, थोरियमचं 1,110ला. दोन्ही योग्य प्रमाणात मिसळली की 570च्या आतच पाणी होतं. आणि उकळायला बरंच वर जावं लागतं, म्हणून भट्टीत तारापूरसारखा दाब ठेवावा लागत नाही.

भाचा : एवढ्या उष्णतेत रेणू फुटत नाहीत?

आत्या : नुसत्या उष्णतेनं नाही. साधारण 1,000 केल्व्हिनला, म्हणजे तुझ्या हिशेबानं सव्वासातशे डिग्रीला, एक मोल फ्लोरिन अणू लिथियमकडून सोडवायचे तर सुमारे 520 किलोज्यूल मोजावे लागतात. थोरियमकडून सव्वाचारशेच्या आसपास, युरेनियमकडून चारशे. क्रोमियमकडून तीनशे दहा, लोखंडाकडून पावणेतीनशे, निकेलकडून त्याहूनही कमी. ही उतरंड एकदा डोक्यात बसली की अर्धा विषय संपला. वरच्याचा फ्लोरिन खालच्याला सहजासहजी मिळत नाही.

भाचा : म्हणजे भांडं निकेलचं केलं की झालं! किंवा सरळ स्टेनलेस वापरायचं.

आत्या : निकेलचं बरोबर. स्टेनलेसचं मात्र इथं उलटं होतं. पाण्यात, हवेत स्टेनलेस टिकतं ते क्रोमियमच्या ऑक्साइडच्या पातळ थरामुळे. वितळलेल्या फ्लोराइडात तो थर टिकतच नाही. संरक्षण गेलं, आणि उतरंडीत मिश्रधातूतल्या निकेल-लोखंडापेक्षा वर असलेलं क्रोमियम युरेनियमचा फ्लोरिन ओढून सगळ्यांत आधी क्षारात उतरतं. म्हणून अमेरिकेत ओक रिजच्या प्रयोगशाळेत हॅस्टेलॉय-एन नावाचा मिश्रधातू बनवला : मुख्यतः निकेल, सोळा टक्क्यांच्या आसपास मॉलिब्डेनम, आणि क्रोमियम फक्त सात टक्के.

भाचा : थांब. क्रोमियम तीनशे दहा, युरेनियम चारशे. मग क्रोमियम युरेनियमचा फ्लोरिन ओढणारच कसा?

आत्या : शाब्बास, नेमका तिथंच बोट ठेवलंस. चारशे ही चारही फ्लोरिनची सरासरी आहे. युरेनियम टेट्राफ्लोराइडमधला एकच फ्लोरिन काढून ट्रायफ्लोराइड करायचं, तर पकड बरीच सैल असते. तो चौथा फ्लोरिन क्रोमियम थोडाफार पळवतं. क्षारात क्रोमियम फ्लोराइड ठराविक प्रमाणात साचलं की ओढाताण थांबते. एका तापमानाच्या भांड्यात, बरं का. भट्टीत क्षार फिरत असतो : गरम टोकाला क्रोमियम विरघळतं, थंड टोकाला पुन्हा बसतं. ही वाहतूक थांबत नाही.

भाचा : मग ती आवरायची कशी?

आत्या : चार फ्लोरिनवालं युरेनियम आणि तीनवालं, यांचं गुणोत्तर सांभाळून. त्यात भर म्हणजे भट्टी स्वतःच ते बिघडवत असते. युरेनियमचा अणू फुटला की त्याचे चार फ्लोरिन मोकळे होतात, आणि त्याच्या तुकड्यांना मिळून साधारण तीनच धरून ठेवता येतात. उरलेला फ्लोरिन गिऱ्हाईक शोधत हिंडतो. ओक रिजची प्रायोगिक भट्टी 1965 ते 1969 चालली. तिथं पंपाच्या भांड्यात बेरिलियमची कांडी सोडायचे. बेरिलियम फ्लोरिनचं भुकेलं. ते विरघळून बेरिलियम फ्लोराइड होतं, युरेनियम तीनवर येतं. बेरिलियम फ्लोराइड क्षारात मुळातच होतं, त्यामुळे नवी घाणही नाही.

भाचा : अरे, आमच्याकडेही हाय टेंपरेचर बाथमध्ये ग्रॅफाइटची कांडी सोडतात! ऑक्साइड साचलं की कटरचा कार्बन उडतो, पृष्ठभाग मऊ पडतो. कांडी ते ऑक्साइड मारते.

आत्या : तत्त्व तेच. फक्त आमच्या कांडीचा हात आवरता घ्यावा लागतो. तीनवालं युरेनियम फार वाढलं तर ते ग्रॅफाइटशी जुळून कार्बाइड करतं. आणि त्या भट्टीचा गाभा ग्रॅफाइटचाच होता.

भाचा : ओला जॉब बाथमध्ये गेला तर आमच्याकडे सॉल्ट उडतं. तुमच्याकडे?

आत्या : उडणं वेगळं, पण ओलावा आमचाही वैरी. वाफ फ्लोराइडशी भिडली की हायड्रोजन फ्लोराइड आणि ऑक्साइड. पहिलं भांडं खातं, दुसरं युरेनियमला तळाशी बसवतं. म्हणून भरण्यापूर्वी क्षारातून हायड्रोजन आणि हायड्रोजन फ्लोराइडचं मिश्रण बुडबुडवून तो स्वच्छ करायचा. ओक रिजच्या इंधनात पाच टक्के झिरकोनियम फ्लोराइडही घातलं होतं. चुकून ऑक्सिजन शिरलाच तर आधी झिरकोनियमचं ऑक्साइड बसावं, युरेनियमचं नाही. मला तर ही युक्ती साऱ्या प्रकल्पातली सर्वांत देखणी वाटते.

भाचा : मग भट्टी बंद केली, क्षार टाकीत गोठवला. विषय संपला?

आत्या : तिथंच घोळ झाला. द्रव क्षारात किरणांनी एखादा फ्लोरिन सुटला तरी तो लगेच परत जोडला जातो. गोठलेल्या, थंड क्षारात अणूंना हलता येत नाही. फ्लोरिन सुटलेलाच राहतो. ओक रिजला हे ठाऊक होतं, म्हणून साठवलेला क्षार वर्षाकाठी तापवत असत. पुढं ते थांबलं. 1994मध्ये तपासणी झाली तेव्हा वायुनळ्यांत फ्लोरिन आणि युरेनियम हेक्साफ्लोराइड सापडलं, आणि युरेनियम टाकीतून निघून कोळशाच्या गाळणीपर्यंत पोचलं होतं.

भाचा : हेक्साफ्लोराइड म्हणजे सहा फ्लोरिन. चारचे सहा झाले?

आत्या : हो, आणि सहा झाले की तो वायू. खरं तर 1968मध्ये त्याच भट्टीतलं युरेनियम काढून घेतलं, तेही क्षारात फ्लोरिन सोडून त्याचा असाच वायू करून. शेवटी बंद करताना तसंच काढून घ्यायला हवं होतं. आमच्या आराखड्याची चर्चा निघाली की मी पहिला प्रश्न हाच विचारायचे : गोठवण्यापूर्वी युरेनियम कोण काढणार आहे?