402 मीटरनंतरचा रस्ता

पावसाळा तोंडावर आला की माझ्या मामेभावाचा डावा खांदा ठणकायला लागतो. तो कधी बोलून दाखवत नाही. पण भाताचं पोतं उचलताना तो उजवा खांदा पुढे करतो आणि मला कळायचं ते कळतं. त्या खांद्याजवळचं हाड माझ्या हौसेपायी मोडलं. आज आमच्या कासार आंबोली-पिरंगुट पट्ट्यात दारोदार पिकअप उभ्या आहेत. आमची पोरं त्यांना रीमॅप मारून, म्हणजे इंजिनाच्या संगणकाची जुळवणी बदलून, मोठे टायर चढवून पाव मैलाचे सेकंद मोजू लागली आहेत. म्हणून हे लिहितो आहे.

2016 साली इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस भारतात आली आणि मी तिच्या नादी लागलो. अडीच लिटरचं डिझेल इंजिन, 134 बीएचपी ताकद, वजन दोन टनांच्या आसपास. दोनेक वर्षांनी वापरलेली गाडी मिळाली. जीपीएसची डबी काचेला लावून मी जागच्या जागेवरून 402 मीटर, म्हणजे पाव मैल, मोजला. 19.4 सेकंद लागले. मग एका ट्यूनरकडून रीमॅप करून घेतलं, 18.5 झाले. हुरूप वाढला. मूळचे 245/70 आर 16 टायर काढून 265/75 आर 16 बसवले, मागून पुढून गाडी उचलून घेतली. वेळ 18.8 वर गेली. गाडी दिसायला दांडगी झाली, पण पळायला मंदावली.

यामागचं गणित मला फार उशिरा समजलं. पाव मैलाची वेळ वजन आणि ताकद यांच्या गुणोत्तराच्या घनमुळाप्रमाणे बदलते. म्हणजे ताकद 20 टक्के वाढवली तरी वेळ जेमतेम 6 टक्के घटते. हजारो रुपये ओतून हाती येतो सेकंद-सव्वा सेकंद. नव्या टायरचा व्यास जुन्यापेक्षा 7 टक्के मोठा होता. त्यामुळे गिअर तेवढे लांबले, चाकाचं वजन वाढलं आणि सर्वांत घातक गोष्ट म्हणजे स्पीडोमीटर खोटं बोलू लागला. काट्यावर 105 दिसत असताना गाडी प्रत्यक्षात 112 च्या पुढे असायची.

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला होता. पहाट होती. फाट्यावरून आत जाणारा नव्या डांबराचा रस्ता, मागचा हौदा रिकामा, शेजारी मामेभाऊ डबीकडे बघत बसलेला. तो 'झाले' म्हणाला आणि मी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. तेवढ्यात डावीकडच्या पाणंदीतून दुधाचे कॅन अडकवलेली मोटारसायकल रस्त्यावर आली. ताशी 112 च्या वेगात गाडी एका सेकंदात 31 मीटर जाते. मी ब्रेक दाबला. आधीच्या दोन फेऱ्यांनी ब्रेक तापलेले होते. कोरड्या दिवसांत साचलेलं तेल आणि धूळ पहिल्या पावसात वर येते, त्यामुळे रस्ता साबणासारखा झाला होता. रिकाम्या हौद्याखालच्या कडक पाट्यांवर मागची चाकं उडाली, शेपटी फिरली आणि गाडी बांध ओलांडून भाताच्या खाचरात गेली. दूधवाला वाचला. सीटबेल्टमुळे मामेभावाचा जीव वाचला, पण त्याच पट्ट्याच्या झटक्याने गळ्याजवळचं हाड मोडलं.

विम्याचा दावा फेटाळला गेला. केलेले बदल मी विमा कंपनीला कळवलेच नव्हते, त्यामुळे तक्रार करायला तोंड नव्हतं. कायदाही तेव्हाच वाचला. नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मनाई करतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली, तर कलम 189 खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

आता, ज्यांना ही हौस आहे त्यांना कळकळीने सांगतो.

पहिली गोष्ट, रस्त्यावर मोजलेली वेळ ड्रॅग शर्यतीच्या खऱ्या पट्टीवरच्या वेळेशी ताडून पाहू नका. पट्टीवर चाक साधारण फूटभर पुढे सरकून प्रकाशाचा किरण मोकळा झाला की मगच घड्याळ सुरू होतं. हिरवा दिवा लागल्यावर तुम्ही किती उशिरा निघालात, ते या वेळेत धरत नाहीत. शेवटचा वेग शेवटच्या 66 फुटांवर मोजतात. म्हणजे मित्राने मोबाइलवर दाखवलेल्या आकड्यासाठी ईर्षा करण्यात काही अर्थ नाही.

दुसरी गोष्ट, पैसे आधी थांबण्यावर खर्च करा. ब्रेकपॅड, लायनर, ब्रेक ऑइल, मूळ मापाचे चांगले टायर. अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब ओझ्याप्रमाणे कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. गाडी उचलली की त्याला हौदा रिकामाच वाटतो आणि भरल्या गाडीतही मागचे ब्रेक कमी लागतात. गाडी उचलण्याआधी हे मेकॅनिकला स्पष्ट विचारा. एका वेळी एकच बदल करा आणि तो विमा कंपनीला लेखी कळवा.

तिसरी गोष्ट, कोरड्या डांबरावर फोर-बाय-फोर टाकून झटका देऊ नका. बहुतेक पिकअपमध्ये तेव्हा पुढचे-मागचे ॲक्सल एकमेकांना जखडले जातात आणि ताण ट्रान्सफर केसवर येतो. मातीत चाक घसरून तो ताण सुटतो, डांबरावर सुटत नाही.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. शर्यत 402 मीटरची असली तरी रस्ता त्याहून खूप लांब लागतो. आपल्याच मुळशी तालुक्यात ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' ही पाव मैलाची ड्रॅग शर्यत भरली आहे. धावपट्टीच का? कारण तिथे पाणंद येऊन मिळत नाही, गुरं आडवी येत नाहीत आणि रेषेपुढे थांबायला मोकळी जागा असते. 2008 साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या इंग्लिशटाउनच्या पट्टीवर स्कॉट कॅलिटा हा दोन वेळचा विजेता मृत्युमुखी पडला. त्यानंतर एनएचआरए या तिथल्या संस्थेने सर्वांत वेगवान गाड्यांची शर्यत 1,320 फुटांवरून 1,000 फुटांवर आणली. जन्मभर हेच केलेल्या लोकांनाही थांबायला जास्त जागा द्यावी लागली. मग आपल्या फाट्याच्या रस्त्याची काय कथा? पळवायचीच असेल तर एफएमएससीआय या आपल्या देशातल्या मोटार शर्यतींच्या संघटनेची मान्यता असलेल्या स्पर्धेत जा. तिथे गाडीची तपासणी होते, हेल्मेट सक्तीचं असतं, रुग्णवाहिका उभी असते.

गाडी दुरुस्त झाली तेव्हा मी मूळचे टायर परत चढवले, मॅपही कंपनीचाच करून घेतला. आज तिच्यातून भात आणि कडबा जातो. जीपीएसची डबी मात्र घरात ठेवली आहे. गावातल्या कुणाही पोराला ती द्यायला मी तयार आहे. अट एकच. बंद आवारात, आधी 40 आणि मग 60 च्या वेगावरून, ब्रेक दाबल्यावर गाडी किती मीटरांत उभी राहते ते मोजून आकडा मला आणून दाखवायचा. तो मोजताना मामेभाऊ आणि मी दोघंही येऊ.